सही, अनुसमर्थन आणि जबलपूरचा खटला

नर्मदेच्या काठचे जबलपूर हे शहर भेडाघाटचे संगमरवरी खडक आणि धुवांधार धबधबा यांमुळे प्रवाशांच्या परिचयाचे आहे. कायद्याच्या अभ्यासकाला मात्र हे नाव एका खटल्यामुळे आठवते. ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ असे त्या खटल्याचे शीर्षक असून त्याचा निकाल २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला. स्वतंत्र भारताच्या न्यायालयीन इतिहासात इतकी चर्चा झालेले निकाल फार थोडे आहेत.

मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारांविषयी लिहिताना प्रारंभ जबलपूरपासून का करावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. न्यूयॉर्कमध्ये संमत झालेल्या आणि जिनीव्हात ज्यांच्या पालनाची तपासणी होते अशा करारांचा मध्य प्रदेशातील एका जिल्हा कचेरीशी संबंध कोणता? तो संबंध पुष्कळ जवळचा आहे. एखादे राष्ट्र असा करार मान्य करते तेव्हा ते नेमके काय मान्य करते, काय मागे ठेवते आणि मागे ठेवलेल्या गोष्टीचे पुढे काय होते, हे जबलपूरच्या खटल्याच्या अनुरोधाने जितके स्पष्ट होते तितके केवळ कलमांच्या विवेचनाने होणार नाही.

खटल्याची पार्श्वभूमी

२५ जून १९७५ रोजी देशात अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी जाहीर झाली. दोनच दिवसांनी, म्हणजे २७ जून रोजी, राष्ट्रपतींनी संविधानाच्या ३५९ व्या अनुच्छेदान्वये एक आदेश काढला. कायद्यापुढील समानता (अनुच्छेद १४), जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य (अनुच्छेद २१) आणि अटकेसंबंधीचे संरक्षण (अनुच्छेद २२) या हक्कांच्या बजावणीसाठी न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार या आदेशाने निलंबित झाला. १९७१ च्या अंतर्गत सुरक्षा कायद्यात, म्हणजे ज्याला लोक ‘मिसा’ म्हणत त्या कायद्यात, वटहुकुमाद्वारे दुरुस्ती करण्यात आली आणि स्थानबद्धतेची कारणे स्थानबद्धाला कळविण्याचे बंधनही उरले नाही. मनुष्याला तुरुंगात ठेवावयाचे, परंतु का ठेवले हे त्याला सांगावयाचे नाही, अशी ही स्थिती होती.

स्थानबद्धांनी व त्यांच्या नातलगांनी ठिकठिकाणच्या उच्च न्यायालयांत देहोपस्थितीचे अर्ज दाखल केले. न्यायालयात ‘हेबिअस कॉर्पस’ या लॅटिन नावाने ओळखला जाणारा हा अर्ज जुना आणि साधा आहे. ज्याला अडकवून ठेवले आहे त्याला न्यायालयापुढे आणा आणि कोणत्या कायद्याने अडकविले ते सांगा, एवढेच त्यात मागितलेले असते. असे अर्ज ऐकण्याचा अधिकार आपल्याला नाही, हा शासनाचा आक्षेप अनेक उच्च न्यायालयांनी अमान्य केला. जबलपूर येथील मध्य प्रदेश उच्च न्यायालय त्यांपैकी एक होते; मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही त्यांत होते. ही दोन्ही न्यायपीठे एकाच कुळातील आहेत, ही गोष्ट मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९३६ साली स्थापन झालेले नागपूरचे उच्च न्यायालय १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय होऊन जबलपूरला गेले आणि नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचे पीठ बसू लागले. वीस वर्षांनी हे दोन्ही वारस एकाच निष्कर्षाला आले. स्थानबद्धतेचा आदेश मुळात कायद्याला धरून आहे की नाही एवढे तरी न्यायालयाला पाहता येईल, असा तो निष्कर्ष होता.

या निर्णयांविरुद्धची अपिले सर्वोच्च न्यायालयात एकत्र ऐकली गेली. स्थानबद्धांच्या बाजूने शांतिभूषण, विठ्ठल महादेव तारकुंडे आदी विधिज्ञ उभे होते. सुनावणीच्या वेळी न्या. हंसराज खन्ना यांनी महान्यायवाद्यांना एक प्रश्न विचारला. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला, तर त्यावरही काही उपाय राहणार नाही काय? आदेश अमलात आहे तोपर्यंत उपाय नाही, अशा आशयाचे उत्तर महान्यायवादी निरेन डे यांनी दिले.

पाच न्यायमूर्तींपैकी सरन्यायाधीश अजितनाथ राय आणि न्या. बेग, चंद्रचूड व भगवती या चौघांनी शासनाची बाजू मान्य केली. राष्ट्रपतींचा आदेश अमलात असेपर्यंत कोणालाही असा अर्ज करण्याचा अधिकार नाही, असा त्यांचा निर्णय होता. खन्ना यांनी एकट्याने विरुद्ध मत नोंदविले. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचेही जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही, हे तत्त्व संविधानाने निर्माण केलेले नाही. ते संविधानापूर्वीही होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९७७ च्या जानेवारीत त्यांची सेवाज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश नेमण्यात आले, तेव्हा खन्ना यांनी राजीनामा दिला.

सही आणि अनुसमर्थन

आता कराराकडे वळू. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा संमत केला. परंतु जाहीरनामा म्हणजे करार नव्हे. तो नैतिक बळ देतो, कायदेशीर बंधन घालीत नाही. बंधनकारक स्वरूपाचे दोन करारनामे १६ डिसेंबर १९६६ रोजी संमत झाले. त्यांपैकी एक नागरी व राजकीय हक्कांचा आणि दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा आहे.

करार संमत झाला म्हणजे तो सर्व राष्ट्रांवर बंधनकारक झाला असे नाही. प्रथम राष्ट्राचा प्रतिनिधी सही करतो. सही म्हणजे साखरपुडा समजावा. हेतू जाहीर होतो, बंधन पुरते पडत नाही. त्यानंतर राष्ट्राचे शासन विचारपूर्वक ‘हा करार आम्हांस मान्य आहे’ असा लेख संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे जमा करते. यास अनुसमर्थन म्हणतात, आणि विवाह खरोखर लागतो तो येथे. पूर्वी सही न करता एकदम सामील होण्याचीही सोय असते. तिचा कायदेशीर परिणाम अनुसमर्थनासारखाच असतो.

मान्यता देताना एखादे राष्ट्र ‘अमुक कलम आम्ही अमुक मर्यादेत मानू’ असे लिहून देऊ शकते. यास राखीव अट म्हणता येईल. काही राष्ट्रे तिला केवळ ‘निवेदन’ म्हणतात. पण तिच्यामुळे बंधन कमी होत असेल, तर नाव बदलल्याने तिचे स्वरूप बदलत नाही. करार वाचताना कलमांइतकेच या अटींकडे लक्ष देणे आवश्यक आहे.

नागरी व राजकीय हक्कांचा करारनामा ठरावीक संख्येने राष्ट्रे सामील झाल्यावर २३ मार्च १९७६ रोजी अमलात आला. जबलपूरच्या खटल्याचा निकाल लागला तो त्यानंतर ३६ दिवसांनी. भारत त्या वेळी करारनाम्यात सामील नव्हता. त्यामुळे न्यायालयापुढे त्याचे बंधन नव्हते. तरीही खन्ना यांनी आपल्या भिन्नमतपत्रात आंतरराष्ट्रीय कायद्याचा आधार घेतला. जागतिक जाहीरनाम्याचा आठवा अनुच्छेद हक्कभंगाविरुद्ध न्यायालयीन उपाय देतो, नववा मनमानी अटकेस मनाई करतो. आणि आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आदर जोपासावा असे भारतीय संविधानाचा ५१ वा अनुच्छेद राज्यास सांगतो. देशाच्या कायद्याचे दोन अर्थ संभवत असतील, तर या तत्त्वांशी जुळणारा अर्थ घ्यावा, असे त्यांनी म्हटले. पुढील चार दशकांत भारतीय न्यायालयांनी जो मार्ग वारंवार चोखाळला त्याची रेषा या भिन्नमतात आढळते.

करारनामा आधीच स्वीकारला असता तर निकाल निराळा लागला असता काय? तसे खात्रीने म्हणता येत नाही. राष्ट्राचे अस्तित्व धोक्यात आणणाऱ्या आणीबाणीत काही हक्क मर्यादित करण्याची मुभा करारनाम्याच्या चौथ्या कलमात आहे. जीविताचा हक्क, छळापासून व गुलामगिरीपासून मुक्तता, विचारस्वातंत्र्य असे काही हक्क मात्र आणीबाणीतही निलंबित करता येत नाहीत. मनमानी अटकेविरुद्धचे नववे कलम या यादीत नाही. परंतु पोलिसाने जीव घेतला तरी उपाय नाही, हे उत्तर करारनाम्याच्या चौकटीत टिकणे कठीण होते. शिवाय कोणते हक्क का मर्यादित केले, हे शासनाला इतर सदस्य राष्ट्रांना कळवावे लागले असते.

१९७९ : जे स्वीकारले आणि जे राखून ठेवले

१९७७ च्या मार्चमध्ये आणीबाणी संपली आणि मोरारजी देसाई यांचे शासन आले. स्थानबद्धांची बाजू मांडणारे शांतिभूषण कायदामंत्री झाले. त्यांनी पुढाकार घेतलेल्या ४४ व्या घटनादुरुस्तीस ३० एप्रिल १९७९ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. आणीबाणीसाठी ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण पुरेसे नाही, ‘सशस्त्र बंड’ असले पाहिजे; आणि आणीबाणीतही अनुच्छेद २० व २१ यांच्या बजावणीचा हक्क निलंबित करता येणार नाही, अशा तरतुदी तिने केल्या. जबलपूरच्या निकालाने बंद केलेले दार संसदेने अशा रीतीने उघडले.

त्याच महिन्यात, १० एप्रिल १९७९ रोजी, भारत दोन्ही करारनाम्यांत सामील झाला. काळाचा हा मेळ पाहता, मनमानी स्थानबद्धतेची सर्व द्वारे बंद करण्याचा देशाने संकल्प केला असावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सामील होताना भारताने जी निवेदने जोडली त्यांत नवव्या कलमासंबंधी दोन गोष्टी आढळतात. पहिली अशी, की हे कलम भारतीय संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदातील खंड (३) ते (७) यांच्याशी सुसंगत अशाच रीतीने लागू होईल. हे खंड प्रतिबंधक स्थानबद्धतेचे, म्हणजे गुन्हा सिद्ध न होता, किंबहुना खटलाही न भरता, पुढे काही घडू नये म्हणून मनुष्याला अडकवून ठेवण्याचे आहेत. दुसरी गोष्ट अशी, की बेकायदा अटक झालेल्या मनुष्यास राज्याकडून नुकसानभरपाई मागण्याचा बजावणीयोग्य हक्क भारतीय कायद्यात नाही. करारनाम्याच्या नवव्या कलमाचा पाचवा खंड नेमका हाच हक्क देतो.

म्हणजे जखम जेथे झाली होती तेथेच राखीव अट बसली. यात कोणाची लबाडी शोधण्याचे कारण नाही. संविधानकर्त्यांनी शांततेच्या काळातही प्रतिबंधक स्थानबद्धतेस जागा ठेवली होती आणि ती काढून टाकण्यास कोणतेच शासन राजी नव्हते. ४४ व्या घटनादुरुस्तीत २२ व्या अनुच्छेदातील संरक्षण वाढविणारे एक कलम होते. तिचा बहुतेक भाग जून १९७९ पासून अमलात आला, परंतु हे कलम अमलात आणण्याची अधिसूचना आजतागायत निघालेली नाही. शासनाला ती काढण्यास भाग पाडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये सांगितले. त्यामुळे १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा किंवा वृत्तपत्रांत ‘एमपीडीए’ या आद्याक्षरांनी येणारा महाराष्ट्राचा १९८१ चा कायदा, यांखालील स्थानबद्धतेला आजही त्या जुन्या खंडांचाच आधार आहे.

राखीव अटीची झीज

आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करार करण्याचा अधिकार कार्यकारी शाखेला आहे. त्यास संसदेची पूर्वसंमती लागत नाही. पण म्हणूनच असा करार आपोआप देशाचा कायदा होत नाही. संविधानाच्या २५३ व्या अनुच्छेदानुसार तो अमलात आणण्यासाठी संसद कायदा करू शकते. १९८० मध्ये कर्जफेड न करू शकणाऱ्या ऋणकोच्या तुरुंगवासाचा प्रश्न न्या. कृष्ण अय्यर यांच्यापुढे आला. केवळ कराराची पूर्तता न केल्याबद्दल कोणास तुरुंगात घालू नये, असे करारनाम्याचे अकरावे कलम म्हणते. करारनामा हा थेट कायदा नव्हे, हे मान्य करून त्यांनी देशातील दिवाणी कायद्याचा अर्थ त्याच्या प्रकाशात लावला: ऐपत असूनही अप्रामाणिकपणे न देणारा निराळा आणि खरोखर गरीब असलेला निराळा.

नुकसानभरपाईच्या अटीचा इतिहास याहून उद्बोधक आहे. बिहारमधील रुदल साह नावाचा मनुष्य निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षांहून अधिक काळ तुरुंगातच राहिला. १९८३ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला ३०,००० रुपये देण्याचा आदेश बिहार शासनास दिला. हा आदेश लिहिणारे सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड १९७६ च्या बहुमतातील होते. १९९३ मध्ये ओडिशातील नीलाबती बेहरा या मातेला, पोलीस कोठडीनंतर मृतावस्थेत सापडलेल्या मुलाबद्दल दीड लाख रुपये देण्याचा निर्णय झाला. त्या निकालपत्रात न्या. जगदीशशरण वर्मा यांनी करारनाम्याच्या नवव्या कलमाच्या पाचव्या खंडाचा आधार घेतला. वर्मा यांच्या न्यायाधीशपदाचा प्रारंभ जबलपूरच्याच उच्च न्यायालयात झाला होता. १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्यात न्यायालयाने म्हटले, की न्यायालयाने घालून दिलेल्या कायद्यामुळे भारताच्या त्या राखीव अटीला आता प्रस्तुतता उरलेली नाही.

याच काळात, १९९३ साली, मानवी हक्क संरक्षण कायदा झाला आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला. या कायद्याने मानवी हक्कांची जी व्याख्या केली तीत संविधानाबरोबर दोन्ही आंतरराष्ट्रीय करारनाम्यांचाही उल्लेख आहे. मात्र ते हक्क भारतीय न्यायालयांत बजावणीयोग्य असले पाहिजेत.

करारनाम्याच्या पालनावर देखरेख करणारी मानवी हक्क समिती जिनीव्हात बसते. १९७६ च्या बहुमतातील न्या. भगवती १९९५ पासून या समितीचे सदस्य होते. २००१ मध्ये ते अध्यक्षपदी असतानाच समितीने आणीबाणीविषयीचे एक भाष्य संमत केले. स्थानबद्धता कायदेशीर आहे की नाही हे न्यायालयाकडून तपासून घेण्याचा हक्क आणीबाणीतही कमी करता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. २०११ मध्ये भगवती यांनी जबलपूर खटल्यातील आपला निर्णय चुकीचा होता, असे जाहीरपणे मान्य केले.

अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणाच्या हक्काविषयी निर्णय दिला आणि त्या ओघात जबलपूरचा निकाल स्पष्ट शब्दांत रद्द ठरविला. ते मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. १९७६ च्या बहुमतातील चंद्रचूड हे त्यांचे वडील. करारनाम्याचे १७ वे कलम खाजगीपणाचे संरक्षण करते आणि ते भारतावर बंधनकारक आहे, हाही त्या निर्णयाचा एक आधार होता.

जे उरले आहे

हा सर्व प्रवास पाहून समाधान वाटणे योग्य आहे. पण ते पुरे नाही. ज्या अटीला प्रस्तुतता उरली नाही असे आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, ती संयुक्त राष्ट्रांच्या दप्तरी अद्याप तशीच नोंदलेली आहे. ती मागे घेण्यास घटनादुरुस्ती लागत नाही. एक पत्र पुरते. सदस्य राष्ट्रांनी वेळोवेळी अहवाल द्यावयाचा असतो. भारताचा तिसरा अहवाल समितीने १९९७ च्या जुलैमध्ये तपासला. चौथा तपासला गेला तो २०२४ च्या जुलैमध्ये. मध्ये सत्तावीस वर्षे गेली. व्यक्तीला समितीकडे थेट तक्रार करता यावी यासाठी जो पूरक करार आहे, त्यात भारत सामील झालेला नाही.

छळविरोधी कराराची कथा तर सहीपाशीच थांबली आहे. १४ ऑक्टोबर १९९७ रोजी भारताने त्यावर सही केली. अनुसमर्थन मात्र झालेले नाही. त्यासाठी आवश्यक असलेले विधेयक २०१० मध्ये लोकसभेने संमत केले, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठविले आणि पुढे ते व्यपगत झाले. अनुसमर्थन करावे, अशी शिफारस विधि आयोगाने २०१७ मध्ये केली. साखरपुडा होऊन पाव शतक उलटले तरी मुहूर्त निघत नाही, असे हे प्रकरण आहे.

अनुसमर्थनाने कोणाचे कुलूप उघडत नाही, असे पुष्कळदा म्हटले जाते. ते खरे आहे. १९७६ मध्ये स्थानबद्धांना करारनाम्याने सोडविले नाही आणि १९८३ मध्ये रुदल साहला भरपाई मिळाली ती संविधानाच्या आधारे. परंतु करार एक गोष्ट निश्चित करतो. ‘तुम्ही असे का केले?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार तो बाहेरच्या जगास देतो. आणि बाहेर दिलेले वचन घरातील न्यायाधीशाला कायद्याचा अर्थ लावताना आधार देते. खन्ना यांच्यापाशी १९७६ मध्ये केवळ जाहीरनामा होता. वर्मा यांच्यापाशी १९९३ मध्ये देशाने स्वीकारलेला करारनामा होता. राखीव अट असूनही तो कामास आला.

म्हणून एखादे राष्ट्र मानवी हक्कांच्या करारात सामील झाल्याची वार्ता वाचली म्हणजे वाचकांनी तीन प्रश्न विचारावेत: ही सही आहे की अनुसमर्थन? कोणत्या कलमावर अट ठेवली आहे? आणि ज्याला रात्री घरातून उचलून नेले त्याच्या आईला वा पत्नीला सकाळी जाण्यासाठी न्यायालयाचे कोणते दार उघडे आहे? १९७५ मध्ये जबलपूर आणि नागपूर येथील न्यायालयांनी त्या दाराची किल्ली आपल्याकडे आहे असे सांगितले होते. त्यांचे म्हणणे बरोबर होते हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य करावयास बेचाळीस वर्षे लागली.